पार्श्वभूमीतल्या पेशी

कॅन्सरच्या बायॉप्सी रिपोर्टमध्ये शेवटाकडे एक ओळ असते: ‘पार्श्वभूमीत लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज पेशी विखुरलेल्या दिसतात.’ ही ओळ रुग्ण वाचत नाही, नातेवाईक वाचत नाहीत आणि ओपीडीच्या गर्दीत बसलेल्या डॉक्टरांनाही ती वाचायला सवड नसते. सगळ्यांची नजर वरच्या ठळक निदानावर. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पेशींपासून होणारे कॅन्सर, हा माझा विषय. मुंबईतल्या नोकरीत अशा हजारो रिपोर्टांखाली मी सही केली असेल. त्या शेवटच्या ओळीत किती मजकूर दडलेला असतो, हे मला एका दुर्मिळ आणि भयंकर वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाने दाखवलं. त्याचं नाव प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा.

शरीरात जंतू शिरला की बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात, वाढतात आणि त्यांतल्या काहींच्या शेवटी प्लाझ्मा पेशी होतात. प्लाझ्मा पेशींचं काम एकच, प्रतिपिंडं तयार करणं. या प्रवासात मधे एक अवस्था येते, ती प्लाझ्माब्लास्ट. निरोगी शरीरात ती थोड्या काळाची असते. त्याच अवस्थेत अडकून पेशी बेसुमार वाढू लागल्या की हा आजार होतो. या गाठीवर केआय-६७ हा विभाजन दाखवणारा रंग चढवला तर शंभरातल्या नव्वदाहून जास्त पेशी रंगतात. रुग्ण जेव्हा सांगतो, ‘डॉक्टर, पंधरा दिवसांपूर्वी एवढीशीच होती’, तेव्हा तो अजिबात वाढवून सांगत नसतो.

हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला तो १९९७ मध्ये. बर्लिनमध्ये देलेक्लूझ, श्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडातल्या गाठींचे १६ रुग्ण एकत्र मांडले. त्यांतल्या १५ जणांना एचआयव्हीची लागण होती. पुढे हाच लिम्फोमा पोटात, आतड्यात, त्वचेत, हाडात आणि एचआयव्ही नसलेल्या वृद्धांमध्येही सापडत गेला. तरी त्याची सगळ्यात ओळखीची जागा अजून तीच आहे, हिरडी आणि टाळू.

आणि इथेच आपल्याकडची अडचण सुरू होते. महाराष्ट्रात हिरडीवर गाठ दिसली की डॉक्टरांच्या मनात पहिला विचार तंबाखूचा येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. गुटखा, मावा, मिश्री, चुना लावून मळलेली तंबाखू यांनी झालेले गालाचे आणि हिरडीचे कॅन्सर आमच्या टेबलावर इतके येतात की बाकीच्या शक्यता मागे पडतात. सोलापूरकडचा एक तरुण यंत्रमाग कामगार मला चांगला आठवतो. गावात दाढ काढली, जखम भरलीच नाही, तिथूनच मांस वर आलं. तिकडच्या रिपोर्टात कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, असं लिहिलं होतं, मोठ्या ऑपरेशनची तयारी चालली होती. तो मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुंबईला आला. सर्जनना तो पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होता, ‘साहेब, मी तंबाखूला हातसुद्धा लावलेला नाही.’ त्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नव्हता.

त्याच्या ब्लॉकवर आम्ही मार्करच्या चाचण्या लावल्या. यात एक सापळा आहे आणि तरुण पॅथॉलॉजिस्टांना मी तो आवर्जून दाखवते. लिम्फोमा आहे का हे पाहायला सर्वांत आधी एलसीए म्हणजे सीडी-४५ लावतात. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमात तो पुष्कळदा रंगतच नाही. बी-पेशींची हमखास खूण सीडी-२०, तीही नाही. उलट प्लाझ्मा पेशींची खूण सीडी-१३८ छान रंगतो, पण तोंडाच्या अस्तराच्या पेशींवरही तो असतोच, म्हणजे कार्सिनोमाचा संशय बळावतो. केराटिन निगेटिव्ह येईपर्यंत आणि एमयूएम-१ पॉझिटिव्ह येईपर्यंत माणूस चुकीच्या वाटेवर कितीही लांब जाऊ शकतो. त्या तरुणाच्या बाबतीत शेवटी ईबीईआर ही चाचणी लावली. एप्स्टाइन-बार विषाणू पेशीत बसला असेल तर तिचं केंद्रक गडद रंगतं. गाठीतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीचं केंद्रक रंगलेलं होतं.

१९६४ मध्ये एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांनी आफ्रिकेतल्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींत हा विषाणू पाहिला. आपल्यापैकी बहुतेक सगळ्यांच्या शरीरात तो लहानपणापासून असतो. त्याला टी-पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, जन्मभर दाबून ठेवतात. प्रौढ माणसाच्या गाठीत तो असा मोकाट सापडला की पहिला प्रश्न उठतो, पहारा कुठे गेला? म्हणजे स्लाइड पाहताना माझ्या मनात आलेला प्रश्न गाठीविषयी नव्हता, त्या माणसाच्या टी-पेशींविषयी होता. मी सर्जनना फोन केला आणि समुपदेशन करून, संमती घेऊन एचआयव्हीची तपासणी करावी असं सुचवलं. ती पॉझिटिव्ह आली.

या प्रसंगाचा मी पुढे फार विचार केला. माणसाला स्वतःला, त्याच्या बायकोला माहीत नसलेली गोष्ट एका काचेच्या तुकड्यावर मला आधी दिसते. पॅथॉलॉजिस्ट रुग्णाला भेटत नाही, त्यामुळे आमच्या कामात माणूस नाही असं लोकांना वाटतं. मला तसं कधीच वाटलं नाही. अशा वेळी रिपोर्टात काय लिहायचं, काय फोनवर सांगायचं, काय कोणापुढे अजिबात उच्चारायचं नाही, हे सगळं ठरवावं लागतं. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा ही गोपनीयता आता बंधनकारक करतो. कायदा नव्हता तेव्हाही वॉर्डात मोठ्या आवाजात केस पेपर वाचणाऱ्यांना थांबवणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत.

पण मला सांगायचंय ते टॉन्सिलबद्दल.

मार्कर लावताना प्रत्येक खेपेला रुग्णाच्या तुकड्याबरोबर एक निरोगी तुकडाही रंगवतात. रंग नीट चढला की नाही हे ताडून पाहायला तो लागतो. लिम्फोमासाठी हा तुकडा बहुधा टॉन्सिलचा असतो, कुठल्यातरी मुलाच्या घशातून वारंवारच्या दुखण्यामुळे काढलेला. टॉन्सिलमध्ये रोगप्रतिकारक पेशींची सगळी रचना जशी असायला हवी तशी दिसते. मधे गोल गोल केंद्रं, त्यांत बी-पेशी वेगाने वाढताहेत. त्यांच्याभोवती टी-पेशी. केंद्रातल्या बी-पेशींना मदतनीस टी-पेशी पारखून घेतात, ज्या उतरत नाहीत त्या मरतात आणि मोठाल्या मॅक्रोफेज त्यांचा फडशा पाडतात. शिक्षणाचा भाग म्हणून आम्ही हे पाहतो, परीक्षेत आकृती काढतो आणि नोकरीला लागलो की ‘कंट्रोल व्यवस्थित आहे’ एवढी खात्री करून स्लाइड बाजूला ठेवतो.

एका दुपारी सीडी-८ ची स्लाइड माझ्यासमोर होती. सीडी-८ म्हणजे मारक टी-पेशींची खूण. हिरडीच्या त्या लिम्फोमाचा तुकडा आणि शेजारी टॉन्सिल. माझी अपेक्षा होती, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खाल्लेली, तर गाठीत टी-पेशी नसतीलच. त्या होत्या. भरपूर होत्या. तपकिरी ठिपक्यांची दाट किनार गाठीच्या कडेला लागून उभी होती, काही ठिपके आतही शिरलेले होते. पण आत शिरलेल्या पेशींच्या शेजारी कॅन्सरच्या पेशी अगदी सुखाने विभागत होत्या. एका दृश्यात मारक पेशी आणि विभागणारी कॅन्सर पेशी एकमेकींना चिकटलेल्या, आणि काहीही घडत नाही. मी ती स्लाइड डबल हेडेड मायक्रोस्कोपवर ठेवून आमच्या ज्येष्ठ सरांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘आहेत हे कळलं. काय करताहेत, ते शोध.’

तिथून माझ्या कामाला वेगळं वळण लागलं. रोजचं निदानाचं काम चालूच होतं, त्यात कधी खंड पडला नाही. पण संध्याकाळी जुने ब्लॉक काढून त्यांच्यावर टी-पेशींचे, मॅक्रोफेजचे मार्कर लावणं सुरू झालं.

विचार नवीन नव्हता. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी पाहून लिहिलं होतं की बी कुठेही पडलं तरी रुजतं ते जमीन अनुकूल असेल तिथेच. शेतीच्या देशात हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. तरी कॅन्सरच्या अभ्यासात शंभर वर्षं सगळा भर बियांवर राहिला. लिम्फोमाच्या बाबतीत जमिनीकडे ठसठशीतपणे लक्ष वेधलं गेलं ते २००४ मध्ये. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या रुग्णांचं आयुष्य किती, हे कॅन्सर पेशींच्या जनुकांपेक्षा आजूबाजूच्या प्रतिकारक पेशींच्या जनुकांवरून अधिक ओळखता येतं, असं त्या वर्षीच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. २०१० मध्ये हॉजकिन लिम्फोमात मॅक्रोफेज जास्त तर आजार अवघड, असा निष्कर्ष आला. आम्ही हे शोधनिबंध वाचत होतो आणि वाटत होतं, आपल्या या दुर्मिळ आजारातही मोजून पाहू.

मोजणं सोपं वाटतं. ते तसं नाही.

आमच्याकडची एक निवासी डॉक्टर आणि मी, दोघी स्वतंत्रपणे त्याच स्लाइडवरच्या मॅक्रोफेज मोजायचो आणि आकडे जुळायचे नाहीत. ती दाट जागा निवडायची, मी सरासरी जागा. कडेला मोजायचं की मध्यात? जिथे गाठ कुजलेली आहे तिथे मोजायचं की नाही? दाढेच्या जागेचा व्रण म्हणजे तोंडातल्या जंतूंनी भरलेला भाग, तिथल्या पेशी कॅन्सरमुळे आल्या की जंतूंमुळे? नियम ठरवण्यात आमचे कितीतरी दिवस गेले. मला त्यातून एक समजलं, आकडा छापून येतो तेव्हा तो फार ठाम दिसतो, पण त्याच्या पाठीमागे कोणीतरी कुठेतरी रेघ मारलेली असते.

मग त्या मुलीने एक दिवस विचारलेल्या प्रश्नाने आमचा अर्धा अभ्यासच थांबवला. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमात कमी शक्तीच्या भिंगातून पाहिलं की गडद निळ्या पेशींच्या पसाऱ्यात फिकट गोल जागा दिसतात. पॅथॉलॉजीत याला तारांकित आकाश म्हणतात. त्या फिकट जागा म्हणजे मॅक्रोफेज, पोटात मेलेल्या कॅन्सर पेशींचे तुकडे घेतलेल्या. ही गाठ जितक्या वेगाने वाढते तितक्याच वेगाने तिच्यातल्या पेशी मरतही असतात. ती म्हणाली, ‘मॅडम, मॅक्रोफेज जास्त म्हणजे प्रतिकार जास्त असं आपण कशावरून म्हणतोय? पेशी जास्त मरताहेत म्हणून सफाईला जास्त आल्या असतील. मग आपण मोजतोय काय?’

हा प्रश्न मला आजही पूर्ण सुटलेला नाही, पण त्याने पाहण्याची पद्धत बदलली. प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ च्या सुमारास सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि भक्षक पेशी काट्याभोवती जमताना पाहिल्या, तेव्हापासून या पेशींची प्रतिमा शत्रूला गिळणाऱ्या योद्ध्याची आहे. पण मॅक्रोफेज जे खाते त्यानुसार बदलते. शरीरातल्याच मेलेल्या पेशी गिळणारी मॅक्रोफेज आरडाओरडा करत नाही, उलट ती आजूबाजूला शांतता पसरवणारी रसायनं सोडते, जखम भरायला मदत करते, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावते. निरोगी शरीरात हे आवश्यकच आहे. रोज कोट्यवधी पेशी मरतात, प्रत्येकीसाठी दाह झाला तर जगणंच अशक्य होईल. गाठीत मात्र हाच चांगला स्वभाव कॅन्सरच्या पथ्यावर पडतो. सीडी-१६३ हा मार्कर बहुधा अशा शांत करणाऱ्या मॅक्रोफेजवर ठळक असतो. सीडी-६८ ने सगळ्या मॅक्रोफेज दिसतात, सीडी-१६३ ने त्यांचा कल थोडाफार कळतो. थोडाफार म्हणते, कारण एका मार्करवरून पेशीचा स्वभाव ठरवणं धाडसाचं आहे.

आणि त्या किनारीवर उभ्या असलेल्या मारक टी-पेशी? त्यांच्याबद्दल हळूहळू काही गोष्टी जुळत गेल्या. मारक टी-पेशीला लक्ष्य दिसलं पाहिजे. एप्स्टाइन-बार विषाणू या लिम्फोमात बहुतेक वेळा आपली फारशी प्रथिनं बाहेर दाखवतच नाही. जे एक प्रथिन त्याला ठेवावंच लागतं, ईबीएनए-१, त्याच्या रचनेतच असा भाग आहे की त्याचे तुकडे होऊन पेशीच्या पृष्ठभागावर मारक पेशींना दिसण्याचं प्रमाण कमी होतं. दुसरं, बी-पेशीची प्लाझ्मा पेशी होताना ब्लिम्प-१ नावाचं प्रथिन सक्रिय होतं आणि ते मदतनीस टी-पेशींना ओळख दाखवणारी यंत्रणा बंद करतं. निरोगी प्लाझ्मा पेशीही हेच करते, तिला आता कोणाकडून पारखून घ्यायची गरज नसते. म्हणजे लपण्यासाठी या कॅन्सरला नवीन युक्ती शोधावी लागलेली नाही. आपल्या शरीराच्या नेहमीच्या क्रमातूनच त्याला ती मिळाली. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी फार अस्वस्थ झाले होते.

तिसरी गोष्ट थकव्याची. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये तो शोधला आणि २०१८ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. समोरच्या पेशीवर पीडी-एल-१ असेल तर हा ब्रेक लागतो. लढाई महिनोन्‌महिने चालली की टी-पेशीवर हा ब्रेक कायमचा उभा राहतो. एचआयव्ही असेल तर मदतनीस सीडी-४ पेशीच घटलेल्या, त्यांच्या पाठबळाशिवाय मारक पेशी फार काळ टिकत नाहीत. आमच्या स्लाइडवर पीडी-एल-१ चा रंग पुष्कळदा कॅन्सर पेशींपेक्षा मॅक्रोफेजवर जास्त ठळक दिसायचा. म्हणजे मारक पेशीला थांबवणारा हात कॅन्सरचाच असतो असं नाही. तो शेजारच्या मॅक्रोफेजचा, आपल्याच माणसाचा असू शकतो.

हे सगळं मला एका बाईंच्या गाठीने जितकं पटवलं तितकं कुठल्याच निबंधाने पटवलं नाही. मराठवाड्यातून आलेल्या, चाळिशीच्या, टाळूवर मोठी गाठ, एचआयव्हीचं निदान नुकतंच झालेलं, सीडी-४ शंभरच्या खाली आणि शिवाय टीबी. अंगात केमो सोसायची ताकद नव्हती. सरकारी कार्यक्रमातून २००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, मोफत मिळू लागली होती, त्यामुळे ती तरी सुरू करता आली. टीबीची औषधं आधी, मग एआरटी, आणि केमो ताकद आल्यावर, असं ठरलं. काही आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा टाळूवरची गाठ निम्मीही राहिली नव्हती. केमोचा एक थेंबही गेला नव्हता. सर्जनना शंका आली की निदानच चुकलं असेल, म्हणून त्यांनी पुन्हा तुकडा काढून पाठवला.

तो तुकडा मी जपून ठेवला आहे. कॅन्सर पेशींची सलग चादर तुटून तिची बेटं झाली होती आणि प्रत्येक बेटात सीडी-८ पेशी घुसलेल्या होत्या, किनारीवर थांबलेल्या नव्हत्या. पहिल्या तुकड्यात आणि या तुकड्यात कॅन्सर तोच, विषाणू तोच. बदललं होतं ते भोवताल. असे रुग्ण जगभरातही तुरळकच नोंदले गेले आहेत, आणि नुसत्या एआरटीवर विसंबून राहणं योग्य नाही. गाठ परत उसळी घेते. बाईंना पुढे केमो द्यावीच लागली आणि ती त्यांना सोसली. उलटही घडतं. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच लिम्फोमा उघडकीला आलेले रुग्ण आम्ही पाहिलेत, कारण जागी होणारी प्रतिकारशक्ती दरवेळी आपल्याला हवी तशीच वागेल असं नाही. तरी त्या दोन तुकड्यांनी मला जे दाखवलं ते कायमचं राहिलं. टी-पेशी मेलेल्या नव्हत्या, त्यांना उठवता येत होतं. २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की लगेच एआरटी, असं धोरण आपल्याकडे आलं. त्या धोरणामुळे वाचलेल्या माणसांत लिम्फोमा न झालेलेही असतील, त्यांची स्लाइड माझ्याकडे कधीच येणार नाही.

एचआयव्ही नसलेले रुग्ण आणखी वेगळे. कोकणातले एक निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले, आतड्यात गाठ. ईबीईआर निगेटिव्ह. गाठीत टी-पेशी इतक्या कमी की आम्ही रंग नीट चढला नाही असं समजून चाचणी पुन्हा लावली. टॉन्सिल उत्तम रंगलेलं होतं. गाठच रिकामी होती. त्यांचा मुलगा पुण्यात आयटीत, सगळं वाचून आलेला. तो ऑन्कॉलॉजिस्टच्या चिठ्ठीसह थेट मला भेटायला आला. ‘मॅडम, आयआयटीवाल्यांनी काढलेली ती कार-टी थेरपी बाबांना देता येईल का? खर्चाचं आम्ही बघू.’

ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ ला भारतात मान्यता मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच अतोनात आनंद झाला होता. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली ही उपचारपद्धती रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना सीडी-१९ ओळखायला शिकवून परत सोडते. पण प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमाने सीडी-१९ सहसा टाकून दिलेला असतो. मी त्या मुलाला वडिलांची स्लाइडच मायक्रोस्कोपखाली दाखवली. हा सीडी-२०, रंग नाही. हा सीडी-१९, रंग नाही. त्या पेशींना पकडायला खूणच नाही. तो बराच वेळ पाहत होता. मग त्याने विचारलं, ‘आणि रिटुक्सिमॅब?’ ते औषध सीडी-२० वर चालतं. ‘मग आहे काय त्यांच्यावर?’

सीडी-३८ आहे. त्यावर चालणारं डाराट्युम्युमॅब मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरमध्ये वापरतात, या लिम्फोमात काही ठिकाणी वापरून पाहिलं गेलंय. पण ते औषध बहुतांशी नुसतं चिकटून पेशी मारत नाही, चिकटलेल्या पेशीला खायला मॅक्रोफेज आणि मारायला एनके नावाच्या मारक पेशी लागतात. म्हणजे फिरून तोच प्रश्न, गाठीतल्या मॅक्रोफेज कोणाच्या बाजूने आहेत? पीडी-१ चा ब्रेक सोडवणाऱ्या औषधांचंही तसंच. टी-पेशी आत असतील तरच ब्रेक सोडण्याला अर्थ. शिक्षकांच्या गाठीत त्या नव्हत्याच. शिवाय किंमत. त्यांतलं निवोल्युमॅब पूर्ण मात्रेत आपल्याकडच्या बहुसंख्य घरांना परवडत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये अवघ्या २० मिलिग्रॅमची अल्प मात्रा देऊन पाहिली आणि एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तो आकडा वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो आजार वेगळा, हा वेगळा, एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही. पण आपल्या गरजेतून विचारलेला प्रश्न काय करू शकतो, ते त्यात दिसतं.

आज तरी प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमावर मुख्य उपचार केमोच आहे. चॉप ही नेहमीची पद्धत इथे अपुरी पडते असं बहुतेकांचं मत आहे, म्हणून इपॉक देतात. त्यातली तीन औषधं सलग ९६ तास थेंबाथेंबाने सोडावी लागतात, म्हणजे दर खेपेला दवाखान्यात मुक्काम किंवा छातीशी पंप. त्यात बोर्टेझोमिब या औषधाची भर घालतात. सोलापूरच्या त्या तरुणाला तेव्हा जे उपलब्ध होतं ते एआरटीसोबत दिलं गेलं. जबडा वाचला. तो पुढे दरवर्षी तपासणीला येत असे आणि सर्जनना म्हणे, ‘मी सांगत होतो ना, तंबाखू नाही खात.’ शिक्षक वर्षभरही काढू शकले नाहीत. एकाच्या गाठीत टी-पेशी होत्या, दुसऱ्याच्या गाठीत नव्हत्या, आणि यावरून नियम काढण्याचा मोह मला फार झाला होता. वयात चाळीस वर्षांचं अंतर, विषाणू एकात आहे दुसऱ्यात नाही, गाठीची जागा वेगळी, औषधंही वेगळी. दोन माणसांवरून काहीही सिद्ध होत नाही. दुर्मिळ आजाराचा अभ्यास करणाऱ्याला हा संयम सर्वांत जड जातो, कारण तिसरा रुग्ण कधी येईल याचा नेम नसतो.

अडचणी फार साध्या असतात. तुकडा मिळतो तांदळाच्या दाण्याएवढा आणि तोही चिमट्यात दाबलेला. पाच मार्कर लावले की संपला. कुठून तरी फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्ये घालून पाठवतात, मुंबईला पोचेपर्यंत पेशी विरघळलेल्या. जबड्याचं हाड बरोबर असेल तर ते मऊ करायला ॲसिडमध्ये ठेवावं लागतं आणि त्यात ईबीईआरचा सिग्नलच जातो. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी भाषणाला बोलावलं की मी आधी रेणूंबद्दल बोलत नाही. दंतवैद्यांना सांगते, न भरणारी दाढेची जखम दिसली तर मऊ भाग हाडापासून वेगळ्या बाटलीत पाठवा, फॉर्मलिन दहापट घ्या, दोन तुकडे घ्या. एका तालुक्याच्या गावी एका तरुण डेंटिस्टने नंतर येऊन विचारलं, बाटलीवर काय लिहायचं? मी म्हटलं, वेळ लिही. तुकडा फॉर्मलिनमध्ये किती वाजता टाकला ती वेळ. तो आता प्रत्येक बाटलीवर वेळ लिहून पाठवतो आणि त्याच्याकडून आलेल्या तुकड्यांवर रंग हमखास चांगला चढतो.

रिपोर्टातली ती शेवटची ओळ मी आता वेगळी लिहिते. टी-पेशी किनारीला आहेत की आत, मॅक्रोफेजच्या पोटात काय आहे, गाठ रिकामी आहे का, या तीन गोष्टी सांगते. उपचार त्यावरून आज बदलत नाही, हे ऑन्कॉलॉजिस्टना ठाऊक आहे आणि मलाही. तरी एकदोघे फोन करून विचारतात. ती निवासी डॉक्टर आता दुसऱ्या शहरात स्वतःचा विभाग सांभाळते. तिच्याकडचे ब्लॉक आणि आमच्याकडचे ब्लॉक एकत्र करायचं ठरतंय. एचआयव्ही असलेले आणि नसलेले, ईबीईआर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे चार गट करता येतील, प्रत्येक गटात माणसं थोडीच, पण निदान गट तरी होतील. एकाच काचेवर पाच-सहा मार्कर वेगवेगळ्या रंगांत दाखवणारं यंत्र तिच्याकडे आलंय. कोणती मॅक्रोफेज कोणत्या टी-पेशीला खेटून आहे, हे त्यात एकदम दिसेल. मोजायची जागा कुठली घ्यायची, यावर आमचं अजून एकमत व्हायचंय.